थडग्यापाशी किती बायका होत्या

करुणा,

शनिवारी तुझ्या थडग्यावर दगड बसणार आहे. काळा, आरशासारखा गुळगुळीत. इथं भोपाळलाच, गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात हल्ली मशीनवर अक्षरं कोरून देतात, तिथं टाकलाय. काल विनयने मला मजकूर वाचून दाखवला. तुझं नाव, दोन तारखा आणि त्याखाली तुझे शेवटचे शब्द : 'विनयला सांग, मी शांत आहे.'

"बरोबर आहे ना, काकू?" त्याने विचारलं.

"शुद्धलेखन बरोबर आहे," मी म्हटलं.

त्याला वाटलं, म्हातारी विनोद करतेय. तो हसला. तू गेल्यापासून तुझा मुलगा पहिल्यांदाच हसला, म्हणून मी पुढं काही बोलले नाही.

ते शब्द तू म्हणाली नव्हतीस. ते माझे आहेत.

हस आता. चव्वेचाळीस वर्षं जिने 'पुरावा दाखव, अस्सल दाखव' म्हणून तुझं डोकं खाल्लं, तिनेच तुझ्या तोंडी खोटं वाक्य घातलं, आणि ते आता दगडावर चाललंय. तुझ्या जागी मी असते तर पोट धरून हसले असते. तू मात्र आधी डबा पुढं केला असतास आणि म्हणाली असतीस, "खा गं आधी, मग रड."

आपण शेजारी आलो तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं. दोघींचे नवरे एकाच कारखान्यात. तुम्ही नगरचे, आम्ही अमरावतीकडचे, मधे क्वार्टरची एक वीतभर भिंत. तू भाजीवाल्याशी हिंदीत सुरुवात करायचीस आणि चिडलीस की नगरच्या मराठीत शेवट करायचीस. तो बिचारा भोपाळचा, त्याला शेवट कधी कळायचाच नाही. पहिल्या डिसेंबरात तू ताट घेऊन दारात उभी राहिलीस. वर क्रोशाचा रुमाल, खाली करंज्या. नाताळात करंज्या! मी एक तोंडात टाकली आणि भरल्या तोंडानेच विचारलं, "हे कुठल्या शुभवर्तमानात आहे?"

"तुझ्या दिवाळीच्या कुठल्या वेदात आहेत?" तू म्हणालीस.

त्या दिवशीच मी ठरवलं, या बाईला सोडायचं नाही.

मी तेव्हा कचेरीत नक्कल शाखेत होते. जुन्या कागदांच्या नकला काढून, शिक्का मारून लोकांना द्यायच्या, हे आमचं काम. एकीने अस्सल मोठ्याने वाचायचं, दुसरीने नकलेवर बोट फिरवायचं, आणि खाली 'मिलान किया' लिहून सही ठोकायची. कुठं एक ओळ सुटली, सातचा एक झाला, खालच्या ओळीतलं कुणाच्या बापाचं नाव वरच्याला चिकटलं, असलं पकडण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. अशी बाई तुझ्या धर्मग्रंथाला मोकळा सोडेल?

"वाचायचाय" म्हणून तुझ्याकडून बायबलचा नवा करार नेला. वाचायचा कसला, तपासायचा होता! सहा महिने, रोज ऑफिसातून आल्यावर, हातात सवयीची लाल पेन्सिल. न जुळेल तिथं खूण. परत केला तेव्हा तुझ्या आईचं ते पुस्तक गोवर आलेल्या पोरासारखं दिसत होतं. तू पानं चाळलीस. मला वाटलं, आता भडकते. तू म्हणालीस, "कुंदे, मी तुला पुस्तक दिलं होतं, अर्ज नव्हे."

ती बत्तीस वर्षांची कुंदा आज समोर आली तर मी तिला ओढून पाटावर बसवीन आणि विचारीन, बाई गं, दोन हजार वर्षं शहाणीसुरती माणसं ज्याच्यावर डोकेफोड करतायत, ते तू कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता निकालात काढलंस? पण ती ऐकायची नाही. तिच्याकडे चार रकान्यांचा तक्ता होता. येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं चार, एकेकाला एकेक रकाना.

"हे बघ," मी तुझ्या ओसरीत बसून तक्ता उघडला होता. "येशूच्या थडग्यापाशी रविवारी पहाटे बायका गेल्या. एकात तीन. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात तीन नावं आणि वर 'इतर'. चौथ्यात एकटी मरिया. नक्की किती गेल्या होत्या?"

तू मटार सोलत होतीस. "तुझ्या कचेरीत चार साक्षीदारांचे जबाब शब्दाला शब्द जुळले, तर काय म्हणतेस?"

"पढवलेत म्हणते."

"मग मटार सोल."

मी सोलले. पण सोडलं नाही. म्हटलं, लिहिणाऱ्यांची नावं मागाहून लागलेली, अस्सल प्रत कुठंच नाही, आहेत त्या नकलांच्या नकला, आणि पहिलं शुभवर्तमान लिहिलं गेलं तेच मुळी घटनेनंतर तीस-चाळीस वर्षांनी. जितकं जवळचं तितकं भरवशाचं, हा आमच्या शाखेचा नियम. चाळीस वर्षांत गोष्टीचं काय होत असेल?

तू विचारलंस, "तुझी जन्मतारीख काय?"

"एक जून."

"कोणी सांगितलं?"

आता काय सांगणार! आमच्या गावच्या गुरुजींनी सगळ्या वर्गालाच एक जूनला जन्माला घातलं होतं. आई म्हणायची, पोळ्याच्या आदल्या दिवशी झालीस, बैल रंगवायचे तसेच राहिले होते.

"म्हणजे कागद खोटा आणि आईची तोंडी गोष्ट खरी," तू म्हणालीस. "किती वर्षांनी सांगितली होती आईने?"

मी त्या दिवशी घरी येऊन नवऱ्यावर चिडले. त्याचा काही संबंध नव्हता.

तुझं एक म्हणणं मला कधीच पुरतं खोडता आलं नाही, ते आता कबूल करते. तू म्हणायचीस, गोष्ट रचणारा माणूस स्वतःच्या लोकांची लाज त्यात ठेवत नाही. पेत्र, येशूच्या सगळ्या शिष्यांचा पुढारी, तीनदा म्हणतो की मी त्याला ओळखत नाही. कशाला ठेवलं? ज्या काळात बाईच्या साक्षीला कोणी विचारत नव्हतं, त्या काळात थडगं रिकामं असल्याच्या, तो पुन्हा उठल्याच्या पहिल्या साक्षीदार बायका. कशाला ठेवल्या? पुरुष घालता आले नसते?

"लाज ठेवली म्हणजे सांगणारा प्रामाणिक," मी म्हणायची. "पण घडलं ते तसंच घडलं, हे कुठं सिद्ध झालं?"

"नाही झालं. प्रामाणिक माणूस तर भेटला? तुझ्या कचेरीत रोज किती भेटतात?"

पण आपलं खरं भांडण झालं ते येशूच्या शेवटच्या शब्दांवरून. आठवतं? दोन ठिकाणी तो वधस्तंभावरून हाक मारतो, देवा, मला का टाकलंस. तिसऱ्या ठिकाणी ती हाक नाहीच. तिथं तो शांतपणे आपला जीव देवाच्या हाती देतो. चौथ्यात म्हणतो, काम पुरं झालं. मी तक्त्यावर बोट आपटलं. "बघ! मागाहून लिहिणाऱ्यांना त्या हाकेची लाज वाटली. काढून टाकली आणि गोड वाक्य बसवलं. ही नकलेतली चूक नाही, करुणा, ही खाडाखोड आहे."

"मरणाऱ्या माणसाने एकच वाक्य बोलावं असा नियम आहे का?" तू म्हणालीस. मग म्हणालीस, "मला त्या हाकेमुळेच विश्वास ठेवता येतो. ती कोणी मुद्दाम घालणार नाही. आणि माझ्यावर वेळ येईल तेव्हा ते शांत वाक्य मला जमायचं नाही. मला तीच हाक लागेल."

मी तेव्हा जिंकल्यासारखा चहा प्यायले. कशात जिंकले होते, देव जाणे. तुझा किंवा माझा, जो असेल तो.

तर, तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विनय कॅनडाहून पोचला. दारात उभा, हातात बॅग तशीच, अंगात तिकडचा जाड कोट. तुझ्याकडे बघण्याआधी त्याने माझ्याकडे बघितलं. "काकू, तुम्ही होतात ना जवळ? आई शेवटी काही बोलली?"

आणि मी म्हटलं, "विनयला सांग, मी शांत आहे, असं म्हणाली. मग डोळे मिटले."

किती सहज आलं तोंडात! एवढं सफाईदार वाक्य मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. तेवढ्यावरूनच त्याने माझ्यावर संशय घ्यायला हवा होता. पण तो तिथंच बॅगेवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. माझा हात धरून म्हणाला, "थँक्यू, काकू."

दफनाच्या वेळी चर्चच्या पाळकसाहेबांनी ते वाक्य सगळ्यांना सांगितलं. त्यांच्या सांगण्यात तू आधी प्रार्थना केली होतीस. चौथ्या दिवशी घरी उपासना झाली, तेव्हा तुझी देखभाल करणारी रेखा बायकांना सांगत होती, "अम्मा ने दोनों हाथ जोड़े, चेहरे पे ऐसी रौनक, और बोलीं, विनय से कहना मैं शांति से जा रही हूँ." रेखा तेव्हा खोलीत नव्हतीच. औषध आणायला गेली होती. पण ती खोटं बोलत नव्हती गं. तिला ते दिसत होतं.

चाळीस वर्षं कशाला हवीत? चार दिवस पुरले.

माझी नात ईरा माझ्याशेजारी बसली होती. घरी आल्यावर तिला एकटीला मी खरं सांगितलं. ती डोळे विस्फारून म्हणाली, "आजी! मतलब सगळ्यांचा सोर्स तूच? तू तर व्हायरल झालीस यार." मग माझं तोंड बघून जवळ येऊन बसली. "अब क्या करेगी?"

मला माहीत नव्हतं. अजून नाही. आधी खरं काय ते लिहिते, मिलान करायला तू नाहीस तरी.

तू गेलीस त्या दिवशी दुपारचे तीन वाजून गेले होते. विनयचं विमान हवेत होतं. चर्चची मंडळी पाचला यायची होती. मी तुला पेपरातले मोठे मथळे वाचून दाखवत होते, नळाला पाणी कुठं येणार नाही ती बातमी. तू डोळे उघडलेस, माझा हात चाचपून धरलास आणि म्हणालीस, "कुंदे, भीती वाटते."

मी म्हटलं, "भीती कसली? विनय निघालाय."

"ती नाही गं." मग थोड्या वेळाने, "काहीतरी म्हण."

तुला काय हवं होतं ते मला कळलं. बायबलातलं ते मेंढपाळाचं स्तोत्र. तुझ्या घरी मी ते शंभरदा ऐकलं असेल. तोंड उघडलं तर पहिली ओळसुद्धा नाही. त्या पुस्तकात जिथं जिथं जुळत नाही ते सगळं मला पाठ होतं, करुणा. धीर देणारी एक ओळ पाठ नव्हती. लहानपणचं मारुतीचं स्तोत्र ओठांवर आलं, ते गिळलं. पुस्तक तुझ्या उशाशी होतं, पण ती बारीक अक्षरं वाचायचा चष्मा घरी राहिला होता, आणि उठून आणायचा तर तू हात सोडत नव्हतीस.

"म्हण ना," तू म्हणालीस.

मग जे येत होतं ते म्हटलं. "रविवारी पहाटे, उजाडायच्या आधी, बायका थडग्यापाशी निघाल्या."

तू डोळे मिटलेस. श्वास अडकत होता. पुढं काय सांगायचं ते मी शोधत होते, कारण पुढं काय झालं यावर तर आपलं भांडण होतं. तेवढ्यात तू म्हणालीस, "किती?"

चेष्टा होती का? की खरंच विचारत होतीस? आवाज इतका बारीक होता की त्यात चेष्टा असलीच तर मला ओळखता आली नाही. तुझ्या सगळ्या चेष्टा ओळखण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं, तिला.

मी म्हटलं, "तू म्हणशील तेवढ्या."

ऐकलंस की नाही माहीत नाही. त्यानंतर तू बोलली नाहीस. हात जोडले नाहीस. चेहऱ्यावर रौनक वगैरे काही नव्हती, भुवया आवळलेल्या होत्या. तुझी बोटं माझ्या हातावर घट्ट होती, मग नव्हती.

एवढंच.

आणि दुसऱ्या दिवशी विनय बॅग घेऊन दारात उभा राहिला. मी त्या तिसऱ्या-चौथ्या रकान्यातल्या लिहिणाऱ्यांना जन्मभर लबाड म्हटलं. त्यांच्यासमोर कोण उभं होतं, हे कधी विचारलं नाही. तू म्हणशील, त्यांनी काही बदललंच नाही, येशूने सगळीच वाक्यं म्हटली होती. असेल. ते भांडण राहिलंच आपलं. पण मी बदललं, आणि नेमकं ते काढून टाकलं ज्याच्यावर तुझा विश्वास उभा होता. तुझी हाक मी तुझ्याच मुलापासून लपवली. दगड बसायच्या आत त्याला सांगणार आहे.

हे लिहून आठवडा झाला. पुढचं आज लिहिते.

शुक्रवारी मी विनयकडे गेले. तो तुझ्या स्वयंपाकघरातले डबे रिकामे करत होता. मला बसवलं, चहा केला, साखर न विचारता बरोबर घातली. मी म्हटलं, "विनय, दगडावरचं ते वाक्य तुझ्या आईचं नाही. मी तुला खोटं सांगितलं." आणि सगळं सांगितलं. भीती, 'काहीतरी म्हण', मला काही आठवलं नाही ते, बायका, 'किती'.

त्याने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "काकू, आई असं कशाला म्हणेल? 'किती?' हा काय शेवटचा शब्द आहे?"

"म्हणूनच खरा आहे, बाळा. असं कोण रचेल?"

"पण त्या सकाळी तुम्ही लगेच सांगितलं होतं. आता महिना होत आला. तुम्हीच म्हणायच्या ना आईला, जितकं जवळचं तितकं भरवशाचं? मी लहानपणापासून ऐकत आलोय."

"अरे, मी खोटं बोलले तेव्हा!"

"रेखापण तेच सांगते. पाळकसाहेबपण."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"काकू, तुम्ही थकलायत. बीपीची गोळी घेतली का?"

माझी सगळी हत्यारं तुझ्या मुलाकडे, करुणा, आणि रोख माझ्यावरच! घटनेच्या जवळची साक्ष, वर दोघांचा दुजोरा, आणि समोर एक म्हातारी, जिचं महिनाभराने काहीतरी फिरलंय. नक्कल शाखेत मीच असते तरी पहिल्या कागदावर शिक्का मारला असता.

मी म्हटलं, "मी शपथ घेऊन सांगते."

"कशाची शपथ घ्याल, काकू? तुम्ही तर कशाला मानत नाही."

तो ते वाकडं बोलला नव्हता. कप उचलून त्याने सिंकपाशी नेले आणि माझ्याकडे पाठ करून धूत राहिला. दोन कप, किती वेळ धुणार? नळ चालूच होता. मग न वळता म्हणाला, "आणि खरं असलं तरी काय करू मी त्याचं? तिला भीती वाटत होती आणि मी तेव्हा विमानात जेवत होतो. हे घेऊन जाऊ परत?"

मटार सोलत बसलेल्या बाईला चार प्रश्न विचारून गप्प करू बघणारी मी, तुझ्या ओट्याला टेकून उभी राहिले. त्याचं खरं की माझं? तू म्हणायचीस, लाजेची गोष्ट जो ठेवतो तो प्रामाणिक. ज्याला ती ऐकावी लागते त्याने कुठं जायचं, हे तू कधी बोलली नाहीस. मीही विचारलं नाही.

निघताना मी म्हटलं, "मी हे तुझ्या आईला लिहून काढतेय. आपल्या मराठी मंडळाच्या अंकात देणार आहे. नको म्हणशील तर नाही देणार."

"द्या," तो म्हणाला. "मी वाचणार नाही."

शनिवारी दगड बसला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, रेखाने डोळ्यांना पदर लावला. "देखो, अम्मा की बात कितनी सुंदर लिखी है." अक्षरं खरंच सुंदर आली आहेत. ईराने माझं कोपर धरलं होतं. मी सगळ्यांबरोबर 'आमेन' म्हटलं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. तू असतीस तर कोपरखळी मारली असतीस.

सोमवारी विनय दिल्लीच्या गाडीने गेला. आम्ही सोडायला हबीबगंज स्टेशनला गेलो. पाटीवर नवं नाव आहे, आमच्या तोंडी अजून तेच. बॅगा चढवून तो दारात आला. माझ्याकडे बघत नव्हता, प्लॅटफॉर्मकडे बघत होता. गाडी हलली तेव्हा वाकून म्हणाला, "काकू, बरं झालं तुम्ही होतात."

कुठल्या दुपारबद्दल म्हणाला? मी सांगितलेल्या पहिल्या की दुसऱ्या? विचारायला गेले तोवर डबा पुढं सरकला होता.

होते मी, करुणा. तुझा हात माझ्या हातात होता आणि मला काही येत नव्हतं. त्याचा तुला काही उपयोग झाला का, हे एक तूच सांगू शकली असतीस.